फ्रिजमध्ये गोठलेलं पेन, गाडीत तापलेलं पेन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी इन्सुलिनबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, टोचायचं पेन फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका एवढंच, आणि त्यावर प्रश्नांचा ढीग आला. नुसते इन्सुलिनवाले नाहीत, साखर किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेणारे, हाडांसाठी रोज टेरिपॅराटाइड टोचून घेणाऱ्या मावश्या, सगळ्यांचा सूर एकच, की औषध एवढं महागाचं आणि ठेवायचं कसं ते कुणी नीट सांगतच नाही. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते म्हणजे पुढचं सगळं लागेल. ही सगळी पेप्टाइड औषधं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. इन्सुलिनमध्ये ५१ मणी आहेत, टिर्झेपाटाइडमध्ये ३९, टेरिपॅराटाइडमध्ये ३४, सेमाग्लुटाइडमध्ये ३१. या माळा पाण्यात सुट्या सुट्या, शाबूत राहिल्या तरच काम करतात. उष्णतेने मणी बदलतात नाहीतर माळ तुटते, गोठल्याने माळा एकमेकींत अडकतात, जोरात हलवल्यानेही अडकतात. आणि यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

प्रश्न: ताई, आईचं न वापरलेलं इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये मागे सरकलं होतं. सकाळी बघितलं तर आत बर्फाचे कण. बाहेर ठेवल्यावर तासाभरात परत पाण्यासारखं स्वच्छ झालं. फेकवत नाहीये. वापरलं तर चालेल का?

नाही दादा, वापरू नका. मला माहितीये की हे ऐकायला आवडत नाही, पण एकदा गोठलेलं इन्सुलिन, किंवा सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड, टेरिपॅराटाइड, काहीही असो, वितळून कितीही स्वच्छ दिसलं तरी ते टाकायचं असतं, प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं आणि ते पेनं खपावीत म्हणून लिहिलेलं नाही. पाणी गोठतं तेव्हा बर्फ फक्त पाण्याचाच बनतो, औषध आणि त्यातले क्षार वगैरे सगळं उरलेल्या थेंबभर पाण्यात ढकललं जातं, तिथे गर्दी होते आणि माळा एकमेकींना चिकटतात. वितळल्यावर त्या सगळ्या परत सुट्या होतीलच असं नाही. शिवाय गोठताना पाणी फुगतं, आतल्या काचेच्या नळीला केसाएवढी चीर जाऊ शकते, रबरी बूच हलू शकतं, मग पेनवर १० युनिट फिरवले तरी आत १० गेले की नाही कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या घरात हे घडलंय म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. माझ्या वडिलांचं पेन असंच मागच्या भिंतीला टेकून राहिलं होतं, आम्हाला कुणालाच कळलं नाही कारण सकाळी ते बाहेर काढेपर्यंत स्वच्छ दिसत होतं. मग त्यांची साखर चढायला लागली, रोज थोडी थोडी. आम्ही त्यांना जेवणावरून बोललो, ते बिचारे शपथेवर सांगत होते की मी काही खाल्लं नाही. आठवडाभरात डोस वाढवून झाला, दोनदा. आणि मग ते पेन संपलं, नवीन पेन लावलं, तोच वाढवलेला डोस दिला आणि मध्यरात्री बाबा घामाने डबडबलेले, हात थरथरतायत, साखर ५२. मी स्वतः फार्मसिस्ट, आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलेलं, आणि माझ्याच घरात हे झालं. त्या रात्रीपासून मी पेन घेणाऱ्या प्रत्येकाला आधी फ्रिजबद्दल विचारते. म्हणून सांगते दादा, खराब पेनचा धोका फक्त साखर वाढण्यापुरता नाही, त्याच्यावर डोस वाढवत नेला आणि मग चांगलं पेन लागलं की खरा धोका तिथे असतो. तुमच्या आईने त्या पेनचा एखादा डोस घेतलाच असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि नवीन पेन लावल्यावर पहिले दोन तीन दिवस साखर जास्त वेळा तपासा.

आणि हे फक्त आपल्या दोघांच्या घरात होतं असं समजू नका. २०१८ मध्ये बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक पाहणी मांडली होती, अमेरिका आणि युरोपातल्या ३८८ डायबेटिसवाल्यांनी आपापल्या इन्सुलिनशेजारी तापमान मोजणारा छोटा सेन्सर ठेवला होता. फ्रिजमधलं इन्सुलिन सरासरी दिवसाला अडीच तास २ ते ८ अंशांच्या बाहेर होतं, आणि १७ टक्के सेन्सरवर कधी ना कधी पारा शून्याच्या खाली गेलेला होता. उलट लोक जे इन्सुलिन बॅगेत घेऊन फिरत होते ते सरासरी दिवसाला फक्त ८ मिनिटं ठरलेल्या मर्यादेबाहेर होतं, अर्थात फिरत्या पेनची मर्यादा ३० अंशांपर्यंत मोठी आहे हेही खरं. पण फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असं जे आपण धरून चालतो ना, ते बरोबर नाही.

आता करायचं काय. पेन मधल्या फळीवर, मध्यभागी किंवा थोडं पुढे ठेवा. मागची भिंत नको, फ्रीझरच्या लगेच खालची जागा नको, गार हवा जिथून येते त्या झडपेसमोर तर मुळीच नको. दारातही नको, दार उघडलं मिटलं की तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. औषध त्याच्या मूळ खोक्यातच असू द्या कारण उजेडही त्याला सोसत नाही, आणि ते खोकं एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा म्हणजे कुणी घाईत काहीतरी मागे सरकवताना पेन भिंतीला जाऊन टेकणार नाही. आणि एक थर्मामीटर घ्या, साधा डिजिटल, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. त्याची वायर असेल तर टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ती बाटली औषधाच्या डब्याशेजारी ठेवा, नाहीतर दार उघडलं की आकडा उडतो आणि उगाच जीव खालीवर होतो, पेनमधलं औषध तेवढ्या पटकन तापत नाही. साधारण ५ अंश दिसला की छान. फ्रिजचा खटका फिरवायचा असेल तर थोडासाच फिरवा आणि पूर्ण एक दिवस थांबून मग परत बघा. दारावरचा आकडा हा फ्रिजला हवा असलेला आकडा असतो, तुमच्या डब्याजवळचा नाही.

प्रश्न: चालू पेन फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर? आणि बाहेर काढलेलं परत आत ठेवलं तर दिवस थांबतात का?

हा प्रश्न कमीत कमी दहा जणांनी विचारलाय, वेगवेगळ्या शब्दांत.

न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत, मग ते खोक्यावरच्या एक्स्पायरीपर्यंत टिकतं. एकदा वापरायला काढलं की दुसरं घड्याळ सुरू होतं आणि ते प्रत्येक औषधाचं वेगळं आहे. लँटस आणि जेवणाआधीची बहुतेक जलद इन्सुलिनं, ३० अंशांच्या खाली २८ दिवस. ट्रेसिबा हे इन्सुलिन ८ आठवडे. ओझेम्पिकचं, म्हणजे सेमाग्लुटाइडचं, चालू पेन काही देशांच्या माहितीपत्रकात ६ आठवडे आणि काहींत ८ आठवडे, तुमच्या खोक्यात जे पत्रक आलंय त्याचंच ऐका. व्हिक्टोझा, सेमाग्लुटाइडच्याच जातीचं, महिनाभर. मॉन्जारोचं, म्हणजे टिर्झेपाटाइडचं, एका डोसचं पेन फ्रिजबाहेर जास्तीत जास्त २१ दिवस, तेही ३० अंशांच्या वर न जाता. ट्रुलिसिटी, तेही सेमाग्लुटाइडच्याच जातीचं, १४ दिवस. आणि टेरिपॅराटाइडवाल्या मावश्यांनो, फोर्टिओचं पेन वापरात असतानाही फ्रिजमध्येच राहतं, टोचायचं आणि लगेच परत आत ठेवायचं, आणि २८ दिवसांनी आत औषध उरलं असलं तरी टाकायचं.

परत आत ठेवलं तर दिवस थांबतात का, तर नाही, तसं धरून चालू नका. एका डोसची जी पेनं असतात, मॉन्जारो किंवा ट्रुलिसिटीसारखी, त्यांचे बाहेर गेलेले दिवस गेलेच, परत फ्रिजमध्ये ठेवल्याने ते भरून येत नाहीत. आणि अनेक डोसच्या पेनचे २८ दिवस तर फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालूच राहतात, लोकांना हे खूप विचित्र वाटतं. त्यामागे फक्त तापमान नाहीये. दर वेळी सुई रबरातून आरपार जाते, आणि आत जंतू वाढू नयेत म्हणून जे प्रिझर्वेटिव्ह घातलेलं असतं, मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल, इन्सुलिनच्या बाटलीला जो दवाखान्यासारखा वास येतो ना तो त्याचाच, त्याच्यावरही किती दिवस भरवसा ठेवायचा याला मर्यादा आहे.

म्हणून पेन बाहेर काढलं त्याच दिवशी पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहून पेनवर लावा. उघडलं ती तारीख नको, टाकायची तारीख लिहा. उघडल्याची तारीख लिहिली की दर वेळी मनात हिशोब करावा लागतो आणि आपण तो दोन चार दिवस स्वतःच्या बाजूने करतो, मी हे हजार वेळा बघितलंय.

प्रश्न: पेनची पर्स बंद गाडीत राहिली, ४० मिनिटं, बाहेर चांगलं ऊन होतं. पेन हाताला कोमट लागत होतं. आता?

२००५ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी बंद गाडीत तापमान कसं चढतं ते मोजलं होतं. एका तासात सरासरी २२ अंश वाढ, आणि त्यातली ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणजे बाहेर ३० असेल तर तुमच्या ४० मिनिटांत गाडीत ५० च्या आसपास. पर्समधलं पेन हवेएवढं लगेच तापत नाही हे खरं, पण डॅशबोर्डवर किंवा उन्हाच्या तिरीपेत असेल तर त्याहून जास्तही तापतं.

आता याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, औषध कुठलं त्यावर आहे. तुमच्याकडे दुसरं पेन असेल तर हे बाजूला ठेवा आणि दुसरं लावा, विषय संपला. दुसरं नसेल आणि औषध आठवड्यातून एकदाचं असेल तर फार्मसिस्टला किंवा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा, एक दोन दिवस थांबायला लागलं तरी सहसा त्याने मोठं काही बिघडत नाही. पण इन्सुलिन असेल, आणि खास करून टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा डायबेटिस असेल, तर पेन तापलं म्हणून इन्सुलिन घ्यायचंच बंद केलं असं कधीही करू नका. थोडं कमजोर झालेलं इन्सुलिन हे अजिबात न घेण्यापेक्षा कितीतरी बरं असतं, इन्सुलिनशिवाय टाइप १ चा माणूस एका दिवसात हॉस्पिटलात पोचू शकतो. तेच घ्या, साखर दर दोन तीन तासांनी बघा आणि त्याच दिवशी नवीन पेन मिळवा. आणि वर बाबांचं सांगितलं ते लक्षात असू द्या, या मधल्या वेळात मनाने डोस वाढवत नेऊ नका, डॉक्टरांना विचारून काय ते करा.

प्रश्न: १४ तासांचं विमान आहे, पुढे तीन आठवडे मुलीकडे. तीन पेनं न्यायची आहेत. सामानात टाकू का हातात ठेवू?

काका, हातात. यावर माझी दोन मतं नाहीतच. खालच्या सामानात तापमानावर आपला काही ताबा नसतो, ते धावपट्टीवर उन्हात पडून राहू शकतं, वर खूप थंडही होऊ शकतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅग दुसऱ्याच गावी पोचली तर तुम्ही औषधाशिवाय. जमलं तर पेनं दोन हातबॅगांत वाटून ठेवा, एक तुमच्या आणि एक काकूंच्या.

डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव, सुया आणि गार पॅक लागतात असं स्पष्ट लिहून घ्या, औषध त्याच्या छापील खोक्यात असू द्या. सिक्युरिटीला स्वतःहून आधीच सांगा. औषधासाठीचे जेल पॅक बऱ्याच ठिकाणी नेऊ देतात, पण नियम देशागणिक वेगळे असतात म्हणून विमान कंपनीला आधी विचारून ठेवा. एक्स-रे मशीनची काळजी करू नका, त्यातून गेल्याने औषधाला काही होत नाही.

विमानात वर बसल्यावर एअर होस्टेस प्रेमाने म्हणेल की द्या, फ्रिजमध्ये ठेवते. नको म्हणा. तिथे बरेचदा थेट बर्फावर ठेवतात आणि गोठायची भीती असते, वर उतरताना विसरायची भीती वेगळीच. केबिनमधलं तापमान साधारण खोलीएवढंच असतं, चालू पेनला त्यात काहीही होत नाही. आणि टोचून झालं की सुई काढून ठेवायचीच, घरीसुद्धा, पण विमानात जास्तच, कारण वर हवेचा दाब कमी होतो आणि सुई लावलेली राहिली तर औषध गळतं, हवेचे बुडबुडे आत जातात.

आता न उघडलेल्या दोन पेनांचं. तुमचं १४ तासांचं विमान अधिक घर ते विमानतळ वगैरे धरून २० तास होतील. चांगली इन्सुलेटेड पिशवी आणि जेल पॅक पुरतात, पण इथेच लोक चुकतात. फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १५, १८ अंशांना असतो, तो तसाच पेनला चिकटवला की पेन गोठलंच समजा. लसी नेणारे आरोग्य कर्मचारी काय करतात ते बघण्यासारखं आहे, ते बर्फाचा पॅक आधी बाहेर ठेवतात, बाहेरून त्याला घाम सुटतो, हलवला की आत पाण्याचा आवाज येतो, म्हणजे आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे पॅक शून्यावर आलाय, मगच डब्यात घालतात. पॅक घट्ट जेलचा असेल आणि आवाज येत नसेल तर दाबून बघा, बाहेरचा थर मऊ लागला पाहिजे. मग पॅक टॉवेलमध्ये गुंडाळा, पेनं त्यांच्या खोक्यात, खोकी दुसऱ्या कापडात, आणि मधे तो थर्मामीटर. पिशवी एक दिवस आधी घरीच भरून, आत पेनाऐवजी पाण्याची छोटी बाटली ठेवून तपासून बघा, किती तास टिकते आणि किती खाली जाते. हे एकदा केलं की विमानात बसल्यावर मनाला शांतता असते.

आणि हॉटेलात थांबणार असाल तर तिथल्या छोट्या फ्रिजवर डोळे झाकून विश्वास नको. काही नीट गार होत नाहीत, काही एवढे गार होतात की आतल्या पत्र्याजवळ बर्फ धरतो, आणि काही खोल्यांत कार्ड काढलं की वीज जाते आणि फ्रिज बंद. रिसेप्शनवर विचारा, आणि त्यांनी औषध त्यांच्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवायचं कबूल केलं तर खोक्यावर मोठ्या अक्षरात "गोठवू नका" असं त्यांच्या भाषेत लिहा.

प्रश्न: रात्री लाइट गेली ती ९ तासांनी आली. फ्रिजमध्ये चार महिन्यांचं इन्सुलिन होतं. सगळं गेलं का?

नाही, घाबरू नका. बंद ठेवलेला फ्रिज साधारण ४ तास गारवा धरून ठेवतो, त्यानंतर हळूहळू खोलीच्या तापमानाकडे जातो. तुमची खोली ३० च्या खाली होती तर औषध वाया गेलेलं नाही, फक्त त्याचा हिशोब बदलतो. थर्मामीटर बघा, जास्तीत जास्त आकडा ८ च्या किंचित वर, समजा १० किंवा १२, तेही थोडा वेळ, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, तरी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारून ठेवा, ते त्यांच्याकडच्या माहितीवरून सांगतात. बराच वेळ खोलीच्या तापमानाला राहिलं असेल तर त्या दिवसापासून त्याचे २८ दिवस सुरू झाले असं धरायचं, आणि चार महिन्यांचा साठा असेल तर हा फोन करणं तर भागच आहे.

लाइट गेल्यावर दर पंधरा मिनिटांनी उघडून बघू नका, काळजी वाटते मला कळतं, पण प्रत्येक वेळी गारवा बाहेर पडतो. आणि औषध उचलून फ्रीझरमध्ये किंवा थेट बर्फात ठेवू नका. गेल्या वर्षी एका भल्या माणसाने अगदी हेच केलं होतं, लाइट दोन तासांत आली, एरवी काही झालं नसतं, पण सगळी पेनं गोठून गेली.

प्रश्न: पाण्यात भिजवायचं पाऊच मिळतं, त्यात पेन २ ते ८ अंशांत राहतं का?

नाही राहत, आणि ते त्यासाठी नाहीच. त्या पाऊचमध्ये पाणी शोषून फुगणारे दाणे असतात, पाणी हळूहळू उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, घाम वाळताना अंग गार होतं तसंच. चालू पेन २५ च्या आसपास ठेवायला फार छान, बर्फ नाही, वीज नाही, गोठायची भीती तर शून्य, मला स्वतःला ती फार आवडतात. फक्त दोन गोष्टी. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही आणि पाऊच गार होत नाही. आणि ओलं लागतं म्हणून कुणी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेच्या तळाशी टाकलं तर त्याचा काहीही उपयोग नाही, त्याला वारा लागला पाहिजे.

प्रश्न: आमच्याकडे फ्रिजच नाही. मग इन्सुलिन घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, घ्यायचं! हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन टाळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणीतरी चुकीचं घाबरवलेलं असतं.

केनियात दादाब नावाची मोठी निर्वासितांची छावणी आहे, तिथे तंबूत दिवसाला तापमान २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होतं. एमएसएफ ही डॉक्टरांची संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तेच तापमान प्रयोगशाळेत तयार करून इन्सुलिन त्यात चार आठवडे ठेवलं, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले, की फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या तुलनेत ताकदीत १ टक्क्याहून जास्त फरक नव्हता. त्यामुळे एका वेळी एकच महिन्याचं, शक्य असेल तर त्याहून कमीच आणा, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नको, पत्र्याला लागून नको, खिडकीत नको, आणि ते ओलं पाऊच वापरा. बाकीचं दुकानदाराच्या फ्रिजमध्ये राहू द्या.

पण हा प्रयोग इन्सुलिनवरचा आहे. तो वाचून कुणी सेमाग्लुटाइड किंवा टेरिपॅराटाइड ३७ अंशांत महिनाभर ठेवू नका, प्रत्येक माळ वेगळी आणि तिची सोसायची ताकदही वेगळी.

प्रश्न: इंटरनेटवरून पेप्टाइडची पावडर मागवलीय, पाणी घालून टोचायची. पाणी घातल्यावर किती दिवस टिकते?

याला मी आकडा देणार नाही. सुकवलेली पावडर द्रवापेक्षा जास्त टिकते हे खरं, माळ तोडायला पाणी लागतं आणि पावडरीत ते जवळजवळ नसतं, म्हणून तर इमर्जन्सीचं ग्लुकागॉन पावडरीच्या रूपात खोलीच्या तापमानाला ठेवता येतं आणि ऐनवेळी मिसळून लगेच देतात. पण ते औषध कुणीतरी महिनोन्‌महिने तपासून त्याचे दिवस ठरवलेत. तुमच्या बाटलीवर नाव सोडून काही नाही, आत काय आहे, किती आहे, ती तुमच्यापर्यंत येताना किती दिवस कुठल्या गोदामात तापली, काहीच माहीत नाही. "बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यात २८ दिवस चालतं", म्हणजे जंतू वाढू नयेत असं काही घातलेल्या पाण्यात, असं लोक एकमेकांना सांगतात, पण ते २८ दिवस जंतूंच्या हिशोबाचे आहेत, औषधाची माळ शाबूत राहील याच्याशी त्याचा संबंध नाही. ती बाटली टोचू नका, डॉक्टरांकडे जा आणि जे हवंय त्याबद्दल खुलं बोला, रागावणार नाहीत.

डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर असेल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे, तर तिच्या पत्रकातले मिसळल्यानंतरचे दिवस पाळा, आणि मिसळताना बाटली जोरात हलवू नका, फेस आला म्हणजे माळा हवेच्या संपर्कात येऊन चिकटायला लागल्या. दोन तळहातांत हळू फिरवा.

प्रश्न: गार इंजेक्शन झोंबतं. गरम पाण्यात धरलं तर?

गरम पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच नको, खिडकीत उन्हात पण नको. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, बास. टेरिपॅराटाइडचं पेन मात्र काढल्या काढल्याच टोचायचं असतं.

प्रश्न: माझी ९ वर्षांची मुलगी इन्सुलिन पंपावर आहे. सुट्टीत समुद्रावर जायचंय, दिवसभर उन्हात. पंपातल्या इन्सुलिनचं काय करू?

पंप म्हणजे अंगावर लावलेलं, बारीक नळीतून थोडं थोडं इन्सुलिन देत राहणारं छोटं यंत्र, आणि त्यातलं इन्सुलिन आपण विसरतोच, कारण ते दिसत नाही. ते अंगाच्या उबेत असतं, वर ऊन, आणि ती बारीक नळी तर उघडीच. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर गेलं तर ते टाकून नवीन भरायचं असं माहितीपत्रकं सांगतात. म्हणून पंप कपड्याच्या आत, सावलीच्या बाजूला, आणि पंप काढून ठेवायची वेळ आली तर वाळूत किंवा टॉवेलवर उन्हात नाही, ओल्या पाऊचमध्ये सावलीत. त्या दिवसापुरतं नेहमीपेक्षा लवकर, रात्री परत आल्यावर रिझर्व्हॉयर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची कुपी, आणि नळी बदलून टाका, उरलेल्या इन्सुलिनची हळहळ करू नका. सोबत एक पेन ठेवाच, ते तुमच्या पिशवीत, तिच्या नाही. साखर कारण नसताना चढत राहिली आणि करेक्शन, म्हणजे ती उतरवायचा जादा डोस, देऊनही उतरेना तर पंपाशी खेळत बसू नका, पेनने द्या, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासा, डॉक्टरांना फोन करा. आणि तिला पाण्यात मनसोक्त खेळू द्या, पंप किती वेळ काढून ठेवलेला चालेल ते मात्र निघायच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.